वहिनीची पाइनची दारं

आमच्या वहिनीला माणूस आधी मागून दिसतो. रस्त्यात कुणी भेटून पुढं गेलं, की आम्ही त्याच्या नोकरीबद्दल, पोराबाळांबद्दल बोलतो आणि वहिनी म्हणते, "घरीच रंगवलेत केस. मानेपाशी विसरलाय."

तिचं केस कापायचं आणि रंगवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे आमच्याच घराची रस्त्याकडची खोली. एक वरखाली होणारी खुर्ची, एक वरखाली व्हायची बंद झालेली खुर्ची, भिंतभर आरसा आणि थांबलेल्यांसाठी बाक. बाकावर बसणाऱ्यांत निम्मे लोक केसांसाठी येत नाहीत, पंख्यासाठी येतात. वहिनी त्यांना उठवत नाही. म्हणते, "बसू दे. कधीतरी त्यांचेही केस वाढतील."

या दुकानाचा एकच कायदा आहे आणि तो भिंतीवर लिहिलेला नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाला खरं सांगायचं. तो उठून गेला, की त्याच्याबद्दल कुणाला काही सांगायचं नाही. कुणाच्या डोक्यावर टाक्यांची खूण आहे, कुणाचे केस काळजीनं झडतायत, कुणाचे मुळात त्याचे नाहीतच, हे सगळं तिला माहीत. मी अनेकदा खोदून विचारलं. ती शांतपणे म्हणते, "भावोजी, तुमच्या टाळूवर काय चाललंय ते सांगू का आधी?" मग माझी चौकशी तिथंच थांबते.

ती लग्न होऊन आली तेव्हा दुसऱ्या एका बाईंच्या दुकानात कामाला जायची. तिला सगळं त्या बाईंनी शिकवलेलं. पुढं बाईंनी दुकान बंद केलं आणि वहिनीनं घरात सांगितलं, की रस्त्याकडची खोली मला द्या. दादा म्हणाला, "बघू." दादा सगळ्यालाच बघू म्हणतो आणि गाडी घेऊन कामावर निघून जातो; बघायचं काम मागं राहिलेल्यांवर येतं. आई मात्र स्पष्ट बोलली. "आल्यागेल्याचे केस माझ्या घरात? वाऱ्यानं उडून भातात येतील."

बाबा काही बोलले नाहीत. बाबा वीज कंपनीत मीटरचे आकडे टिपत घरोघर फिरायचे आणि सुटीच्या दिवशी, निवृत्त झाल्यापासून तर रोजच, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकाम करायचे. शिकलेले कुणाकडून नाहीत, आपलं करून करून हात बसलेला. आईचं बोलणं झाल्यावर थोड्या दिवसांनी ते टेप घेऊन रस्त्याकडच्या खोलीत शिरले. आरशाची चौकट केली, कात्र्या ठेवायचं फडताळ केलं आणि आतल्या दाराला खालून एक रुंद लाकडी पट्टी बसवली, केस आत येऊ नयेत म्हणून. आईच्या हरकतीला त्यांनी असं लाकडात उत्तर दिलं. आई अजूनही म्हणते, "मेल्या पट्टीला ठेच लागते." पण भातात केस आलेला नाही.

तेव्हापासून वहिनीचं आणि बाबांचं जमलं. दोघांत फार बोलणं व्हायचं असं नाही. दुकान बंद झालं, की वहिनी दोन कप चहा घेऊन शेडमध्ये जायची. ते रंधा मारायचे, ती स्टुलावर बसून पाय मोकळे करायची. दिवसभर ती उभी असते आणि दिवसभर लोक तिच्याशी बोलत असतात. न बोलणारा माणूस आणि बसायला स्टूल, एवढंच तिला हवं असायचं.

मग बाबांनी स्वयंपाकघराची कपाटं करायला घेतली. आईची ही मागणी माझ्या जन्माच्या आधीची असावी. आमच्याकडं उघड्या फळ्या होत्या आणि आलेल्या पाहुण्याला आमच्या घरात काय संपलंय ते डब्यांकडं बघून कळायचं. बाबांनी पाइनच्या फळ्या आणल्या. पाइन म्हणजे खोक्यांचं असतं ते पांढुरकं, हलकं लाकूड. कापायला सोपं आणि नाकाला गोड. आईचा संसार मागच्या पडवीत हलला. शेगडी एका टेबलावर, भांडी दुसऱ्या टेबलावर, आणि आईच्या तोंडाचा पट्टा दोन्ही टेबलांच्या मधून.

काम लांबलं. आणि एक गोष्ट वेगळी झाली: शेडचं दार, जे कायम सताड उघडं असायचं, ते बाबा आता लोटून घ्यायला लागले. वहिनी चहा घेऊन गेली, की कप दारातूनच घ्यायचे. "भुसा उडतोय, तू आत नको येऊस."

एकदा जेवताना ते म्हणाले, "ही कपाटं जमली तर ठीक. बिघडली तर माझं काम संपलं. सगळी हत्यारं त्या नाक्यावरच्या सुताराला देऊन टाकणार. बोललोय मी त्याच्याशी."

"आधी माझं स्वयंपाकघर द्या," आई म्हणाली, "मग खुशाल संपावर जा."

मी हसलो. वहिनी हसली नाही. भांडी आवरताना ती मला म्हणाली, "भावोजी, ते चेष्टा करत नव्हते."

"अगं, बाबा असं म्हणतातच."

"बाबा असं कधीच म्हणत नाहीत. हत्यारं गेली तर हा माणूस दिवसभर काय करेल? समोरच्या आजोबांसारखं फाटकात खुर्ची टाकून गाड्या मोजेल?" तिनं ताट जरा जोरातच ठेवलं. "ही दारं बिघडता कामा नयेत. बस."

दुसऱ्या दिवशी तिनं बाबांना सांगितलं, की रंगाचं काम माझ्याकडं द्या.

"डोकं आणि दार यात फरक असतो," बाबा म्हणाले.

"हो ना. दार मान हलवत नाही."

बाबांच्या मिशीत काहीतरी हललं. त्यांनी तयार झालेलं एक दार तिच्या हवाली केलं.

आईनं रंग निवडला होता, दूध न घातलेल्या चहासारखा. भिंतीला लावतो तसला रंग नव्हे, हा स्टेन. तो लाकडावर बसत नाही, लाकडात मुरतो आणि खालच्या रेषा दिसत राहतात. दुकानदारानं डबा देताना सोपं आहे म्हणून सांगितलं होतं. दुकानदारांना सगळंच सोपं असतं, त्यांना फक्त डबा द्यायचा असतो.

वहिनीनं दार पडवीत आडवं ठेवलं, हातमोजे चढवले, केस रंगवायची वाटी आणि चपटा ब्रश आणला, आणि एका टोकापासून पट्टे पाडत असा सफाईदार रंग लावला, की आईसुद्धा शेगडी बारीक करून बघत राहिली. लावून झाल्यावर तिनं दारावर प्लास्टिक पसरलं आणि कडा नीट दाबून टाकल्या.

"हे कशाला?" मी विचारलं.

"रंग बसायला वेळ लागतो. वारा लागला तर वाळतो, मग धरत नाही."

"डब्यावर लिहिलंय, लावून लगेच पुसा."

"डब्यावर काय वाट्टेल ते लिहितात. केसांच्या डब्यावरच्या बायका बघितल्यात कधी?" असं म्हणून ती दुकानात गेली. एका गिऱ्हाइकाचे केस कापून, दुसऱ्याला पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगून परत आली आणि प्लास्टिक उचललं.

दाराचा चित्ता झाला होता. कुठं काळेकुट्ट डाग, कुठं फिकट पट्टे, आणि जिथं फळ्या आडव्या कापलेल्या होत्या ती टोकं तर जळल्यासारखी. पाइनचं लाकूड एका जागी मऊ, एका जागी टणक. मऊ भागानं पोटभर रंग प्यायला होता आणि टणक भाग कोरडा राहिला होता. आम्ही पुसलं, घासलं. डाग आणखी चमकायला लागले.

"काय गं हे?" आई म्हणाली. "दाराला खरूज झाली का?"

आईचं बोलणं वहिनीला लागत नाही, सवयीचं आहे. पण तेवढ्यात बाबा शेडमधून बाहेर आले. त्यांनी दार बघितलं, वहिनीकडं बघितलं आणि आत जाऊन शेडचं दार लोटून घेतलं. वहिनीचा चेहरा उतरला.

त्या संध्याकाळी ती दुकानात दिवा न लावता बसली होती. म्हणाली, "गंमत सांगू? केसाचीही टोकंच जास्त रंग पितात. जुनी, कोरडी असतात ना. म्हणून टोकांना मी रंग शेवटी लावते. हे मला माहीत होतं, आणि तरी मी दाराची टोकं रंगानं भिजवली. लाकूड मेलेलं असतं, त्याला कुठली तहान, असं धरून चालले."

"होतं असं. एकच तर दार आहे."

"माझ्या धंद्यातली प्रत्येक चूक वाढून खाली येते, मग ती कापून टाकता येते. गिऱ्हाईक चार शिव्या देतं आणि दोन महिन्यांनी परत येतं. लाकूड वाढत नाही हो भावोजी." तिनं हातातला ब्रश वाटीत टाकला. "वीस वर्षं रंग लावतेय, पण ज्या चुका आपोआप वाढून जातात त्यांच्याच जोरावर धीट झालेय, असं वाटलं आज."

वहिनीशी चेष्टा करायची सवय असलेल्या माणसाला ती खरं बोलायला लागली, की हात कुठं ठेवावेत कळत नाही.

सकाळी ती उठून सरळ सुताराकडं गेली. ज्याला हत्यारं मिळायची होती, त्याच्याकडंच. सुतार भला माणूस. दार बघायला घरी आला आणि पोट धरून हसला. "प्लास्टिकखाली? अहो ताई, हे पाइन आहे. हे तहानलेलं लाकूड. उपाशी माणसाला पंगतीत बसवायच्या आधी थोडं सरबत पाजावं, तसं करायचं." मग त्यानं सांगितलं: स्पिरिटमध्ये लाख विरघळवून ती अगदी पातळ करायची आणि तिचा एक हात सगळ्या दारावर द्यायचा. कापलेल्या टोकांना दोन हात. सुकलं, की बारीक पॉलिशपेपरनं रेषांच्या दिशेनं हलकं घासायचं. मग स्टेन लावायचा आणि लगेच कापडानं पुसून घ्यायचा, लांब लांब हातानं, मध्ये न थांबता. गडद हवा असेल तर उद्या पुन्हा. एकदम नाही.

"म्हणजे लाख आधीच थोडी भूक मारते," वहिनी म्हणाली.

"बरोब्बर. आणि आधी दाराच्या मागच्या बाजूला करून बघा. समोरून प्रयोग नकोत."

प्रयोग समोरून करू नयेत हे वहिनी स्वतः गिऱ्हाइकांना कानामागं थेंब लावून शिकवते. पण सुतारापुढं ती मान डोलावत राहिली. मी तिच्याकडं बघितलं तेव्हा तिनं डोळे वटारले.

चित्ता झालेलं दार तिनं बाजूला ठेवलं आणि बाबांकडून दुसरं मागून घेतलं. या वेळी सगळं सुतारानं सांगितल्याप्रमाणं. मी कापडं धरायला होतो. ती लावत गेली, पुसत गेली, आणि दूध न घातलेला चहा दारभर पसरत गेला, शांत, सारखा. आई म्हणाली, "आता कसं माणसात आलं." जीव भांड्यात पडला.

आणि मग चौकटीच्या सांध्यांपाशी ते दिसायला लागलं. फिकट, पिवळसर ठिपके. एक ओघळ. त्याच्या शेजारी एक अंगठा. खरंच अंगठा, त्याच्या बारीक रेषासुद्धा दिसत होत्या.

वहिनी पुसायची थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

"गोंद," ती हळू म्हणाली. "गोंद लागला असेल तिथं रंग शिरत नाही. कोऱ्या लाकडावर दिसत नाही, रंग लावला की दिसतो."

बाबा मागं येऊन उभे होते. आम्हाला कळलं नव्हतं. "रंग चुकला तुझा," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. वहिनीनं ओलं कापड माझ्या हातावर ठेवलं, जरा दाबूनच. "हो बाबा," ती म्हणाली. "चुकला."

ते गेल्यावर मी म्हटलं, "अगं, तुझी काय चूक? गोंद कुणी लावला?"

"चला," ती म्हणाली आणि मला आत घेऊन गेली. जेवणाच्या खोलीत भिंतीला टेकून बाकीची कोरी दारं उभी होती. तिनं कापसाला स्पिरिट लावलं आणि एका दाराच्या सांध्यावरून फिरवलं. लाकूड ओलं होऊन काळवंडलं आणि त्यात पुन्हा तेच ठिपके उगवले. दुसऱ्या दारावरही. तिसऱ्यावर तर गोंदाची धारच उमटली, एका जागी जाड, एका जागी तुटलेली, आणि बाजूला सरकून पुन्हा परत आलेली.

"ही धार बघा. सरळ आहे?"

"नाही. घाईत लावली असेल."

"घाईतली धार एका बाजूला वाहते. ही दोन्हीकडं जातेय. हात थरथरतोय त्यांचा, भावोजी. म्हणून दार लोटून घेतात. म्हणून चहा बाहेरच." तिनं कापूस खाली ठेवला. "माझ्या बाईंचा रंग शेवटी शेवटी असाच लागायचा."

बाबांचा हात. ज्या हातानं आमच्या शाळेच्या पाट्यांना चौकटी बसवल्या, तो. मला उगाचच आपल्या स्वतःच्या हाताकडं बघावंसं वाटलं.

मी शहाणपणा केला. म्हटलं, ते दुपारी झोपतात तेव्हा आपण गुपचूप खरवडून टाकू. त्यांना कळणारही नाही. वहिनीला पटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा झोपल्यावर आम्ही पातं घेऊन बसलो. एक ठिपका निघाला, दुसरा निघाला. तिसऱ्याला ती थांबली.

"नको."

"का? निघतायत की."

"झोपलेल्या माणसाचे केस कापल्यासारखं वाटतंय. आणि कपाटांचे खण अजून जोडायचे आहेत. त्याला पुन्हा हाच हात गोंद लावणार. मग काय, रोज दुपारी चोरी करायची?"

"मग असू देत ठिपके," मी म्हटलं. माझ्यात तेवढ्यात कवी संचारला होता. "बाबांचा अंगठा आहे. आठवण राहील."

वहिनी माझ्यावर अशी उखडली, की आई पडवीतून आली. "आठवण? ते जिवंत आहेत! त्यांना आठवण नकोय, एकसारखं दार हवंय. त्यांनी ते लपवायला शेडचं दार लावून घेतलं आणि तुम्ही ते स्वयंपाकघरात टांगायला निघालात!"

"कशाची आठवण?" आईनं विचारलं.

"काही नाही आई. भावोजींच्या अकलेची."

आई समाधानानं परत गेली.

बाबा झोपून उठले, तेव्हा वहिनी शेडच्या दारात उभी होती. या वेळी तिच्या हातात चहा नव्हता, कोरं दार होतं. "बाबा, मी काल खोटं बोलले. आत येऊ?"

त्यांनी नाही म्हणायच्या आत ती आत गेली. मी दाराशीच राहिलो. तिनं दार बाकावर ठेवलं आणि त्यांच्यादेखत स्पिरिटचा कापूस सांध्यावरून फिरवला. ठिपके वर आले. बाबांनी चष्मा नाकावर खाली घेतला आणि वाकून बघितलं. फार वेळ बघितलं. मग उजव्या हाताचा अंगठा त्या खुणेशेजारी टेकवला, मीटरचा आकडा पडताळून बघावा तसा. तो अंगठा तिथं स्थिर राहिला नाही.

"रंग चुकला नव्हता म्हणजे," ते म्हणाले.

"नाही."

"मग हो कशाला म्हणालीस?"

"आई होत्या. भावोजी होते."

बाबा ताठ झाले. स्पिरिट उडून गेलं आणि लाकूड पुन्हा पांढरं, निष्पाप दिसायला लागलं. "ठरलंय ते ठरलंय," ते म्हणाले. "बिघडलं तर संपलं असं मीच म्हटलं होतं. उद्या सुताराला बोलावतो."

"बाबा, माझ्या बाईंचा हात शेवटची कितीतरी वर्षं कापत होता. त्या मनगट गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टेकवून केस कापायच्या. लोकांना वाटायचं, बाईंचा काय जीव आहे आपल्यावर! निम्मी गिऱ्हाइकं तर त्यासाठीच यायची."

एरवी बाबा हसले असते. ते फक्त म्हणाले, "दिवा बंद करून जा."

सुतार सकाळी आला तो गोणपाट घेऊनच. पण आला आणि पडवीत असा घुटमळत राहिला, जणू कुणाच्या आजारपणाला आलाय. आईनं त्याला चहा दिला. बाबा रंधा, करवत, पटाशा एकेक काढून बाकावर मांडायला लागले. वहिनीनं त्या दिवशी दुकान उशिरा उघडेल अशी पाटी लावली होती. तिनं ती ठिपक्यांची दारं उचलून शेडमध्ये आणली आणि बाबांच्या पुढ्यात ठेवली.

"हत्यारं जाऊ देत," ती म्हणाली. "पण दारं रंगवायला मी घेतलीत आणि गोंदावर मला रंग चढवता येत नाही. आधी एवढं साफ करून द्या. मग काय हवं ते करा."

"तूच कर की. काल करतच होतीस. पातं जागचं हललेलं होतं."

म्हणजे त्यांना कळलं होतं. वहिनी ओशाळली, पण हटली नाही. "मला जमत नाही. खड्डे पडतात. बघा."

खड्डा खरंच पडला होता, तो मी पाडला होता. पण ते सांगायची ती वेळ नव्हती. बाबांनी त्यावरून बोट फिरवलं आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. बिघडलेलं काम समोर असताना त्यांना गप्प बसवत नाही. त्यांनी खरवडायचं पातं उचललं. या पात्याला मूठ नसते. नुसती पोलादी पट्टी. ती दोन्ही हातांत धरायची, दोन्ही अंगठे मागून दाबायचे आणि लाकडावरून पुढं ढकलायची. बाबांनी ती टेकवली, दाबली आणि ढकलली. कागदाहून पातळ साल वळत वळत वर आली.

हात थरथरत नव्हता. लाकूड खाली होतं, पातं मध्ये होतं आणि दोन्ही हात एकमेकांना धरून होते. बाबांनाही ते जाणवलं असावं, कारण ते एकदा थांबले, हात उचलून बघितले, आणि पुन्हा टेकवले. मग थांबले नाहीत. सुतार कप हातात धरून शेजारी आला. "तिरकं धरा जरा," तो म्हणाला. "मला शिकवू नकोस," बाबा म्हणाले. सुतार खूश झाला.

दारं साफ झाली. चित्ता झालेलं दारसुद्धा बाबांनी मागून घेतलं आणि खरवडून, घासून पुन्हा पांढरं केलं. जरा पातळ झालं, पण पांढरं झालं. वहिनीनं दुपारी दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये सगळ्यांना लाखेचा हात दिला. दुसऱ्या दिवशी स्टेन. ती लावत होती, मी पुसत होतो आणि "थांबू नका, थांबू नका, पट्टा पडेल" असा तिचा ओरडा खात होतो. दारं भिंतीशी ओळीनं उभी केली तेव्हा एक ठिपका नव्हता. बाबा लांबून बघत होते, जवळ जाऊन बघत होते, उजेडाकडं तिरकं करून बघत होते. "हं," ते म्हणाले. आमच्या घरात हे प्रमाणपत्र आहे.

पण खण राहिले होते. जोडायचे, म्हणजे पुन्हा गोंद. सुतार त्या दिवशीही आला होता, गोणपाट तसंच घडी घालून काखेत. आई दारात उभी होती, कारण आता ओट्यावर परत जायला एवढंच उरलं होतं. बाबांनी खणाची फळी उभी धरली. कड बोटाएवढी रुंद. तिथं पातं नव्हतं, टेकायला लाकूड नव्हतं. एका हातात फळी, दुसऱ्या हातात गोंदाची बाटली, हवेत. बाटलीचं तोंड कडेवर आलं आणि इकडून तिकडं हलायला लागलं. बाबांनी ती मागं घेतली. पुन्हा पुढं नेली. पुन्हा घेतली.

आम्ही सगळे बघत होतो आणि कुणीच बघत नसल्यासारखं करत होतो. वहिनी जागची हलली नाही. तिला हलायचं होतं, हे मला तिच्या मुठींवरून दिसत होतं. पण न बोलावता ती गेली नाही.

बाबांनी बाटली खाली ठेवली. गोणपाटाकडं बघितलं. मग सुताराकडं न बघता, आईकडं न बघता म्हणाले, "सूनबाई, इकडं ये. हात आडवा धर इथं, मला मनगट टेकायला. माझा हात कापतो हल्ली."

वहिनी गेली आणि तिनं फळीच्या कडेशी हात आडवा धरला. बाबांनी मनगट त्यावर टेकवलं.

"आम्हाला सांगताय होय?" आई दारातून म्हणाली. "इतके दिवस बशीत सांडलेला चहा कोण पुसतंय?"

बाबांची बाटली थबकली. "तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत ते." आईचा आवाज एरवीसारखाच होता, फक्त थोडा हळू. "म्हटलं, सांगतील तेव्हा सांगतील."

बाबांनी गोंदाची धार कडेवरून ओढली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सुतासारखी नाही, पण बाहेर न सांडलेली. वहिनीनं दुसऱ्या हातातल्या ओल्या फडक्यानं कड लगेच पुसून घेतली. फळीला फळी लागली.

सुतारानं घसा खाकरला. "मग... हत्यारांचं काय करायचं म्हणता?"

"आधी फळ्या आवळायचा तो शिकंजा दे इकडं," बाबा म्हणाले, "आणि त्या बाजूनं घट्ट धर. गोंद वाळतोय."

सुतारानं गोणपाट जमिनीवर टाकलं, त्यावर गुडघा टेकला आणि दोन्ही हातांनी खण धरला.